नाचघरातला कूलर आणि आजची ताई

मित्रांनो, तीन तोट्यांचा, पोलादी अंगाचा, वयाने जुना पण अजून धडधाकट असा पाण्याचा कूलर तो मी. धडधाकट हा शब्द मी मुद्दाम वापरला. लोक माझ्या पोटावरचा पोचा बघतात, डाव्या तोटीला गुंडाळलेली चिंधी बघतात आणि 'काय हे भंगार' म्हणून नाक मुरडतात. पण बटण दाबलं की माझा कॉम्प्रेसर आजही पहिल्या झटक्यात घरघरतो आणि थोड्याच वेळात दात शिवशिवतील असं गार पाणी देतो. माझ्या बरोबरीची किती यंत्रं आज असं छातीठोकपणे सांगू शकतील? असो. मी फुशारकी मारायला बसलेलो नाही. थोडी मारणार आहे, पण सांगायचं आहे ते वेगळंच.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी पोलादी पत्रा कापला, वाकवला आणि जोडला. जोडकाम करणारा माणूस मोठा चिकित्सक होता. प्रत्येक सांध्यावर तो बोटाच्या पेराने टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. मी तयार झालो तेव्हा त्याने मला काठोकाठ भरलं, खाली कोरा कागद अंथरला आणि तो घरी निघून गेला. सकाळी येऊन त्याने कागद उचलला, उजेडात धरला, गालाला लावून पाहिला. कागद कोरडा होता. "जा बाबा आता, दुनियेला पाणी पाज," असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्या शाबासकीवर मी कितीतरी वर्षं काढली.

मला नेलं ते एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तिथे लांबलचक दालनात कपडे शिवायचा कारखाना होता. रांगेने शिलाई मशिनं, हवेत कापसाची तूस, आणि दिवसभर मान खाली घालून शिवणाऱ्या बाया. माझ्याकडे पाण्यासाठी आलं की त्यांची पाठ दोन मिनिटं सरळ व्हायची. त्या दोन मिनिटांत लग्नं जुळायची, भांडणं मिटायची, मुकादमाच्या नकला व्हायच्या. "हा आहे म्हणून उन्हाळा निभतो गं," असं त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या. मला ते ऐकायला फार आवडायचं.

पुढे कारखाना बंद पडला. मशिनं विकली गेली, बाया पांगल्या, आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. माझ्या तळाच्या ताटलीत एका पालीने संसार थाटला. मग नवा मालक आला. त्याने भिंतींना काळा रंग दिला, छताला रंगीत दिवे टांगले, कोपऱ्यांत माणसाएवढे स्पीकर उभे केले आणि त्या दालनाचा क्लब करून टाकला. मला टाकून द्यायचा त्याचा बेत होता. दोन हमालांनी मला धरलं, हिसके दिले, घाम गाळला, एकमेकांना शिव्या घातल्या, पण जिन्याच्या वळणावरून मला खाली नेणं त्यांना जमलं नाही. शेवटी "राहू दे तिथेच, पोरं पाणी पितील," असं मालकच म्हणाला. अशा रीतीने मी नाचाच्या जागेच्या आणि स्वच्छतागृहाच्या मधल्या बोळकांडीत कायमचा ठाण मांडून बसलो.

तुम्हाला वाटेल, आता हा म्हातारा नव्या पिढीच्या नावाने बोटं मोडणार. मुळीच नाही! मला ती मुलं आवडायची. आठवडाभर परीक्षा, नोकरी, घरच्यांची बोलणी यांनी पिचलेली मुलं तिथे येऊन मनसोक्त नाचायची. घामाने डवरलेली माझ्याकडे धावत यायची, ओंजळीने पाणी प्यायची, एकमेकांच्या अंगावर उडवायची. यात वाईट ते काय?

रविवारी दुपारी तिथे खास तरुणांसाठी नाच असे. दारू मिळत नसे. बाहेर लख्ख ऊन असे. त्यामुळे आईबापांचा जीव भांड्यात पडलेला असे. कित्येक जण तर आपल्या मुलांना स्वतः दारापर्यंत आणून सोडायचे. दुपारची वेळ, दारूचा थेंब नाही, मग भीती कसली, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पण जे बाटलीतून येत नाही ते मोज्यातून येऊ शकतं, हे त्यांच्या गावी नव्हतं.

या दुपारच्या मुलांमध्ये एक चौकडी माझ्या खास ओळखीची होती. त्यातली एक मुलगी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी वाजवायची की गाणी लावणाराही मान वर करून बघायचा. म्हणून तिचं नावच शिट्टी पडलं. ती बेकरीचं काम शिकत होती आणि तिच्या बाहीला कुठे ना कुठे पीठ लागलेलं असायचं. दुसरी मुलगी कशावरही वाद घालू शकायची, म्हणून ती वकील. तिसरा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्या दणदणाटातही तो माझ्या अंगाला टेकून झोपून जायचा. त्याला सगळे बोका म्हणायचे. आणि चौथा ठोकळा. अंगाने चौकोनी, स्वभावाने सरळ, रुमालालासुद्धा इस्त्री करणारा. तो शिट्टीचा लहानपणापासूनचा शेजारी. शिट्टीची आई शाळेची बस चालवायची आणि दोघं तिच्याच बसमधून शाळेत जात मोठी झाली होती. ठोकळा तिला काकू म्हणायचा आणि जरा दबूनही असायचा.

एका रविवारी बोक्याने मोज्यातून एक पुडी काढली. त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी दिली होती. पुडीत रंगीत गोळ्या होत्या. ही मुलं त्यांना लिमलेट म्हणायची. नाव असं की कुणालाही वाटावं, लहान मुलाच्या खिशातला खाऊ आहे.

"घे की. नाचायला दम येतो. सगळे घेतात," बोका म्हणाला.

"सगळे म्हणजे कोण?" वकिलीणबाईंनी लगेच उलटतपासणी सुरू केली.

"सगळे म्हणजे सगळे गं. आता तुला त्यांचे पत्ते देऊ का?"

हसण्यावारी विषय गेला आणि गोळ्या पोटात गेल्या. त्या पहिल्या खेपेला काहीच वाईट घडलं नाही. मित्रांनो, तेच सगळ्यांत वाईट झालं. काही घडलं असतं तर ती घाबरली असती. उलट त्यांना वाटलं, लोक उगाच बाऊ करतात. त्या दुपारी त्यांना सगळं जग आपलंसं वाटत होतं. बोक्याने तर मला कडकडून मिठी मारली. "यार, तुझ्याशी कुणी बोलतच नाही ना रे?" असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. मला एरवी ते आवडलं असतं, पण त्याच्या गालाचा मला चटका बसत होता. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, आणि जबडा आपोआप चाललेला, जणू तोंडात काहीतरी चघळतोय. माझं काम गारवा देण्याचं. ताप मला लगेच कळतो. आपलं अंग पेटतंय हे त्या मुलांना मात्र कळत नव्हतं, कारण थकवा आणि तहान या दोन्ही खुणा त्या गोळीने पुसून टाकल्या होत्या.

पुढच्या रविवारांत मला एकेक गोष्ट ऐकू यायला लागली. माझ्यापाशी आल्यावर लोक खरं बोलतात, ही माझी जुनी कमाई आहे. शिट्टी म्हणाली, "मंगळवार आला की मला रडू येतं गं. काही झालेलं नसतं, नुसतं पीठ चाळत असते आणि डोळे गळायला लागतात." वकील एका वादविवाद स्पर्धेत बोलता बोलता मध्येच गप्प झाली होती, पाठ केलेला मुद्दा डोक्यातून साफ उडून गेला होता. बोक्याची झोप उडाली होती. बोक्याची झोप, कल्पना करा! दुरुस्तीला आलेल्या मोबाइलचे बारीक स्क्रू लावताना त्याचा हात थरथरायचा. आणि तरीही पुढच्या रविवारी पुडी निघायचीच, कारण मंगळवारच्या रडण्यावर रविवारची गोळी हाच उपाय आहे, असं आता त्यांना वाटायला लागलं होतं.

मुलं मूर्ख नव्हती. उलट त्यांचा आपल्या शहाणपणावर भारी विश्वास होता. वकील म्हणाली, "आपण काही वाया गेलेली माणसं नाही. आपण नियम करू." मग त्यांनी नियम केला. दर खेपेला चौघांपैकी एकाने गोळी घ्यायची नाही. त्याने बाकीच्यांचे मोबाइल एका पिवळ्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचे, कुणी एकटं कुठे जात नाही ना ते बघायचं, आणि सगळ्यांना पाणी पाजायचं. त्याला म्हणायचं ताई. मग तो मुलगा असो की मुलगी.

"आज ताई कोण?" हा त्यांचा दर रविवारचा पहिला प्रश्न. बोका ताई असला की बाकीचे त्याला पिळून काढायचे. "ताई, माझी वेणी घाल ना." "ताई, हा मला चिडवतोय बघ." मी मनातल्या मनात खूप हसायचो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या दिवशी ताई चोख असायची, त्या दिवशी बाकीचे जास्त बिनधास्त व्हायचे. ताई आहे ना, मग आपल्याला काय होणार! राखण करायला माणूस ठेवला की घराला कुलूप लावायचं विसरावं, तसला तो प्रकार होता.

नियमाला एक शेपूट होतं. आपल्यातलं आपल्यात. बाहेर कुणाकडे ब्र काढायचा नाही, काहीही झालं तरी. चौघांनी एकमेकांच्या हातावर हात ठेवून हे कबूल केलं होतं. माझ्यासमोरच.

आता त्या रविवारकडे येतो.

त्या दिवशी ताई होता ठोकळा. ताईपणाची पाळी आली की बाकीचे वैतागायचे. ठोकळा मात्र ते काम परीक्षेसारखं मनावर घ्यायचा. त्याने घरून सगळ्यांत मोठी बाटली आणली होती. दालनात पाय ठेवायला जागा नव्हती आणि हवा कोंदट झाली होती. शिट्टीने एक गोळी घेतली. बराच वेळ तिला काही जाणवेना. "आज काही होतच नाहीये," असं म्हणत तिने दुसरी घेतली. त्या गोळीत काय असतं आणि किती असतं, हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं, विकणाऱ्यालाही नसतं. दिसायला तशीच असलेली गोळी आतून भलतीच निघू शकते.

ठोकळ्याला क्लबमधल्याच कुणीतरी सांगितलं होतं की, भरपूर पाणी प्यायलं की गोळीचं विष शरीराबाहेर धुऊन निघतं. ऐकायला किती पटणारं! त्याने मनावर घेतलं. गाणं बदललं की तो माझ्याकडे यायचा, बाटली भरायचा आणि शिट्टीसमोर धरायचा.

"बास रे, पोटात डुचमळतंय," ती म्हणायची.

"ताईचं ऐकायचं असतं. पी."

ती हसत हसत पीत राहिली. माझी मधली तोटी त्या दुपारी जवळजवळ त्याच्यासाठीच वाहत होती. पाणी मी दिलं, भरलं त्याने आणि प्यायली ती. तिघांच्याही मनात काळंबेरं नव्हतं. किती द्यायचं हे विचारायची सोय माझ्या तोटीत नसते, आणि ठोकळ्याच्या डोक्यात फक्त एकच होतं की, आपल्या पाळीला कुणाला काही होता कामा नये.

थोड्या वेळाने शिट्टी माझ्यापाशी येऊन भिंतीला टेकली. डोकं ठणकतंय म्हणाली. ठोकळा म्हणाला, "पाणी कमी पडलंय." मग तिने स्वच्छतागृहात जाऊन उलटी केली. ठोकळ्याला तर बरंच वाटलं. "बघ, बाहेर पडलं. आता अजून थोडं पी." ती प्यायली. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू कोण?"

तो हसला. शिट्टी नेहमीच त्याची थट्टा करायची.

"तू कोण आहेस?" तिने पुन्हा विचारलं. यावेळी तो हसला नाही.

ती पुढे काहीतरी पुटपुटली, तिचे पाय वाकले आणि ती माझ्या पायथ्याशी कोसळली. तिचं अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला असं असहाय कधी वाटलं नव्हतं. मी पोलादाचा, जागचा न हलणारा, आणि ती माझ्यापासून वीतभर अंतरावर. बोळकांडीतून जाणाऱ्या एकाला वाटलं, हा नाचाचा नवा प्रकार आहे. तो खदाखदा हसला आणि त्याने मोबाइल काढून ते टिपायला सुरुवात केली.

ठोकळ्याने त्याला खांद्याने बाजूला सारलं. शिट्टीच्या डोक्याला लागू नये म्हणून स्वतःचा सदरा तिच्या डोक्याखाली सरकवला, झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळवलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला. तेवढ्यात मॅनेजर धावत आला. "मागच्या दाराने बाहेर न्या, मोकळी हवा लागली की बरं वाटेल," असं तो म्हणत होता. त्याला काळजी हवेची नव्हती, क्लबच्या नावाची होती. ठोकळा उठलाच नाही. "तिला कुणी हलवायचं नाही," एवढंच तो म्हणाला. मॅनेजर बाजूला झाला.

मग वकील त्याच्या शेजारी बसली. तिचं डोकं अजून चालत होतं. "ऐक. आपण चक्कर आली म्हणून सांगायचं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. गोळीचं नावही काढायचं नाही. नाहीतर बोका आत जाईल, हिचं शिक्षण जाईल, काकूंची समाजात मान खाली जाईल. आपण शब्द दिलाय ना?"

"आणि ही गेली तर?" ठोकळा म्हणाला.

वकिलीणबाईंनी ओंजळीत तोंड लपवलं. ती रडायला लागली.

ॲम्ब्युलन्समधून एक बाई आल्या. आखूड केस, हातात पिशवी, चेहऱ्यावर घाईचा लवलेश नाही, पण हात भराभर चालणारे. त्यांनी शिट्टीचे डोळे उघडून पाहिले, नाडी पाहिली, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. "काय घेतलंय हिने?" त्यांनी विचारलं. बोका स्वतःच्या बुटांकडे बघत होता. बाई म्हणाल्या, "मी पोलीस नाही. मी हिला शिक्षा करायला आलेली नाही. हिच्या पोटात काय आहे ते कळलं नाही, तर मी आंधळेपणाने औषध देणार. बोला पटकन."

चौघांनी हातावर हात ठेवून दिलेला शब्द त्या क्षणी मोडला, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

"गोळी घेतली," ठोकळा म्हणाला. "एक, आणि मग दुसरी. कसली ते माहीत नाही. आणि पाणी. खूप पाणी. मीच पाजलं. तिला नको होतं, तरी मीच पाजलं."

"किती?"

त्याने बाटली दाखवली. "ही. भरून भरून."

बाईंनी त्या बाटलीकडे बघितलं आणि लगेच रेडिओवरून दवाखान्यात कळवलं. हे मी कान देऊन ऐकलं. त्या गोळीने शरीराची पाणी बाहेर टाकायची शक्ती मंदावते. वरून पाणी ओतत गेलं की रक्तातलं मीठ विरळ होतं आणि मेंदूला सूज चढते. म्हणून डोकं ठणकतं, उलटी होते, माणूस आपल्याच माणसाला ओळखत नाही, आणि मग झटके येतात. "नुसती चक्कर म्हणाला असतास ना, तर आम्ही हिला पाणीच चढवलं असतं," बाई स्ट्रेचरचे पट्टे आवळत म्हणाल्या. "रक्त तपासल्यावर कळलं असतं, पण तेवढा वेळ हिच्याजवळ आहे की नाही, कोण सांगणार? बरं झालं बोललास." मग बोका पुढे आला. त्याने मोज्यातली उरलेली पुडी काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला बळ येतं, ते असं.

स्ट्रेचर जिन्यावरून खाली गेलं. वळणावर ते अलगद वळलं. मागोमाग चौकशीला माणसं आली, दिवे बंद झाले, क्लबच्या दाराला टाळं लागलं. मी अंधारात उभा होतो. ती जगली की नाही, हे मला सांगायला येणार कोण? कूलरला कुणी बातमी देत नाही. माझ्या तिसऱ्या तोटीला ती पिवळी पिशवी लटकत होती. गडबडीत ठोकळा ती तिथेच विसरला होता. तिच्यातला एक मोबाइल सारखा वाजत राहिला आणि मग तोही बंद पडला. ते दिवस फार जड गेले.

मग एका सकाळी टाळं उघडलं. पहारेकऱ्याच्या मागून ठोकळा आत आला. गाल बसलेले, सदऱ्याला इस्त्री नाही. तो पिशवी काढतोय तोच जिन्यावर दमदार पावलं वाजली. बसचालकाच्या गणवेशात, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिट्टीची आई वर आली होती. तीही लेकीचा मोबाइल न्यायलाच आली होती. ठोकळा भिंतीला चिकटला.

"दवाखान्याच्या फाटकाशी रोज उभा असतोस," ती म्हणाली. "आत का येत नाहीस?"

"काकू, मी... ते पाणी मीच..."

"माहीत आहे मला. तूच पाजलंस." तिचा आवाज चढला. "अशी चीड आली होती मला तुझी, वाटलं होतं समोर आलास की कानाखाली वाजवीन. मग विचार केला. गोळी तिने स्वतःच्या हाताने घेतली. आणि तिला इथे दारापर्यंत मीच सोडलं होतं, दुपारची वेळ आहे म्हणून. वाटण्या करायला बसलो तर सगळ्यांच्याच पदरात काहीतरी पडेल रे बाबा."

ठोकळा खाली मान घालून उभा होता. त्याने विचारलं, "ती ओळखते का माणसांना?"

"पहिल्यांदा मलासुद्धा ओळखलं नाही. जन्म दिला मी, आणि मला विचारते, बाई तुम्ही कोण! तेव्हा मी बाहेर जाऊन जी रडले ना..." तिने नाक पुसलं. "आता ओळखते. शब्द सापडत नाहीत पटकन, चालताना भिंत धरते. वेळ लागेल म्हणतात. पण ओळखते. काल म्हणाली, ठोकळ्याला सांग, पाण्याबद्दल मी रागावलेली नाही, पण तो भेटायला आला नाही तर मात्र जन्मात बोलणार नाही."

तेव्हा तो एवढा दांडगा मुलगा माझ्या अंगाला टेकून मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. काकू गणवेशाची पर्वा न करता त्याच्या शेजारी फरशीवर बसली. तिने त्याचं डोकं खांद्यावर घेतलं नाही की काही गोड बोलली नाही, नुसती बसून राहिली. त्याचं रडणं ओसरल्यावर तो म्हणाला, "पोलिसांनाही सगळं सांगावं लागेल. बोक्याचंही."

"सांगू. मी बसेन शेजारी. बोक्याची आईही बसेल, मी बोलले आहे तिच्याशी. त्या पोरालाही उपचार हवेत, नुसता मार नको. आता ऊठ. बस खाली उभी आहे, पोरं सोडून रिकामी झालीये. चल."

तो उठला. तोंड धुवायला म्हणून त्याने माझी तोटी फिरवली. पाणी आलं, कारण पाणी मी अजूनही धरून आहे. मग दोघं जिना उतरून गेली.

मित्रांनो, माझी हकिकत एवढीच. मला पुढे कुठे नेतील, ते ठाऊक नाही. जिथे नेतील तिथे मी पाणी देईन, त्यात शंका नको. तुम्ही नाचा, हसा, घामाघूम व्हा. त्यासाठी कुठल्याही गोळीची गरज नसते, हे मी इतकी वर्षं नाचणारे पाय बघून खात्रीने सांगतो. कुणी तुमच्यापुढे गोड नावाची पुडी धरली, तर तिच्या आत काय आहे हे धरणाऱ्यालाही माहीत नाही, एवढं लक्षात असू द्या. आणि कधी तुमचा मित्र असा जमिनीवर पडलाच, तर ऐकीव उपाय करत बसू नका. त्याला काही खायला-प्यायला देऊ नका, कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, मदत बोलवा, आणि त्याने काय घेतलंय ते जसंच्या तसं सांगा. वचन दिलं असलं तरी सांगा. त्या दुपारी ठोकळा गप्प बसला असता, तर चौघांचं गुपित अगदी सुरक्षित राहिलं असतं, फक्त ते जपायला तिघंच उरली असती.